इंट्रो खाली गेलाय

ताई,

मी कोल्हापूरची, वय अठ्ठावीस, शाळेत शिकवते. माझं लग्न पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक असलेल्या मुलाशी ठरलंय. तुळशीचं लग्न झालं की आमचं. खरं सांगायचं तर मुलगा पेपरात आहे हे कळलं तेव्हाच मी अर्धा होकार देऊन टाकला होता. 'दिल है के मानता नहीं' टीव्हीवर लागला की आई, मावशी आणि मी जेवणाची ताटं घेऊन समोर बसायचो. कॉलेजात 'रोमन हॉलिडे' पाहिला आणि ग्रेगरी पेकच्या प्रेमात पडले. आमच्या तिसऱ्या भेटीत यानेही लॅपटॉपवर तोच लावला, म्हणाला, माझा सगळ्यात आवडता सिनेमा. मला वाटलं, झालं, गाठ वरूनच बांधून आली.

आता सहा महिने झाले. रात्री आठ ते साडेबारा तो फोन उचलत नाही. वाढदिवसाला मेसेज आला तो रात्री एक वाजून दहा मिनिटांनी, 'हॅपी बर्थडे, पान आत्ता सुटलं'. तोवर वाढदिवस संपून एक तास दहा मिनिटं झाली होती. त्याची सुट्टी मंगळवारी, तेव्हा माझी शाळा. आई म्हणते, "पेपरवाल्याला मुलगी देण्यापेक्षा रात्रपाळीच्या वॉचमनला द्यावी, तो निदान उजाडताना तरी घरी येतो." सिनेमे खोटं सांगतात का? अशा माणसाबरोबर संसार कसा करायचा?

आणि हो, मागच्या महिन्यात त्याने रविवारच्या पुरवणीत आमच्या कांदेपोह्यांवर लेख लिहिला. नाव नव्हतं माझं. माझं आधी एकदा ठरून मोडलं होतं, तेही त्यात होतं. सगळ्यांना फार आवडला. मला जरा कसंतरीच झालं, पण ते जाऊ दे.

– प्रतीक्षा

प्रिय प्रतीक्षा,

तुझ्या आईपेक्षा मी चार पावसाळे जास्तच पाहिले असतील, म्हणून 'तू' म्हणते. टोपणनाव विचार करून घेतलंस की हाताला लागलं ते लिहिलंस, कोण जाणे, पण पाकीट उघडल्याबरोबर मी हसले.

एकतीस वर्षं मी पेपरच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पानात बसवतात तिथे, काढली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. नव्या पोराने कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, आणून दिली की आम्ही आधी तिचा शेवटचा परिच्छेद वाचायचो. अध्यक्षस्थानी कोण होते, दीपप्रज्वलन कुणी केलं, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले, आणि अगदी तळाशी, 'सभेनंतर झालेल्या दगडफेकीत तिघे जखमी झाले'. आमचे चीफसब, म्हणजे मुख्य उपसंपादक, चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "इंट्रो खाली गेलाय. वर घे." इंट्रो म्हणजे बातमीची सुरुवात, खरी बातमी तिथे हवी.

तुझ्या पत्राचा इंट्रो खाली गेलाय. फोन, वाढदिवस, मंगळवार, वॉचमन, सगळं सविस्तर आहे, आणि तळाला 'आणि हो'. ते मी जाऊ देणार नाही. पण तू जे विचारलंस त्याचं उत्तर आधी.

रात्री आठ ते साडेबारा हा माणूस काय करतो, ते सिनेमात नीट दाखवत नाहीत, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. जाहिरातीने कुठल्या पानावर किती जागा खाल्ली ते आधी कळतं, उरेल ती बातम्यांची. साडेनऊ-दहाला डाक आवृत्ती जाते, कारण लांबच्या तालुक्यांत अंक उजाडायच्या आत पोचायचा असतो. मग शहर आवृत्ती. बातमीदाराची कॉपी आठशे शब्दांची आणि भोक साडेतीनशेचं. 'महानगरपालिकेच्या' हा शब्द एका कॉलमच्या मथळ्यात आजवर कुणाच्या बापाला बसलेला नाही, म्हणून 'मनपा' करायचं. प्रिंटआउटवर कुणीतरी शेवटची नजर टाकतं आणि माजी आमदारांच्या 'निधना'चं 'निदान' झालेलं सापडतं. सव्वाबाराला कुठेतरी ट्रक उलटतो. पान दहा मिनिटं उशिरा सुटलं की छपाई उशिरा, गाड्या उशिरा, सकाळी एजंटांचे फोन आणि दुपारी ज्याचं पान होतं त्याला साहेबांचं बोलावणं. या साडेचार तासांत फोन उचलला नाही तर मनावर घेऊ नकोस. उचलला असता तर तो 'हं, हं' करत राहिला असता आणि तू आणखी चिडली असतीस. तातडीची खूण मात्र ठरवून घ्या. लागोपाठ दोनदा वाजला की काहीही हातात असलं तरी उचलायचा. आणि डेस्कचा लँडलाइन नंबर तुझ्याकडे असू दे. मोबाइल ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, लँडलाइन कुणीतरी उचलतंच.

वाढदिवसाबद्दल मात्र भांड. बाहेरच्यांना ठाऊक नसतं, पण डेस्कवरचा माणूस संध्याकाळपासूनच उद्याच्या तारखेत जगत असतो. अंकावर उद्याची तारीख असते ना! म्हणजे तुझ्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री हा बाबा प्रत्येक पानाच्या माथ्यावर तुझ्या वाढदिवसाची तारीख बघत बसला होता. तरी आठवलं नाही. यावर त्याच्याकडे उत्तर असूच शकत नाही, हा मुद्दा मी तुला फुकट देते.

आता सिनेमे. तुझ्या यादीत १९४० चा 'हिज गर्ल फ्रायडे' नाही, तो बघ. हॉवर्ड हॉक्सचा. मूळ नाटक 'द फ्रंट पेज' १९२८ चं. ते लिहिणारे बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर दोघेही शिकागोत बातमीदारी केलेले, त्यामुळे प्रेसरूमचा वास खरा आहे. नाटकातला बातमीदार हिल्डी हा पुरुष. हॉक्सने त्याची बाई केली, वर संपादकाची घटस्फोटित बायको केली, आणि सगळ्यांना एकमेकांच्या तोंडातले शब्द पाडत बोलायला लावलं. आमच्या डेस्कवर साडेअकराला असाच कालवा असायचा. हिल्डी येते ती पेपरचा नाद कायमचा सोडतेय हे सांगायला. ब्रूस नावाच्या सभ्य विमावाल्याशी लग्न करून ती ऑल्बनीला जाणार असते. संपादक वॉल्टर तिला एका फाशीच्या बातमीत अडकवतो आणि ती इकडे टाइपरायटर बडवत असताना तिकडे ब्रूसला खोट्यानाट्या कारणांनी तीन-तीनदा कोठडीत बसवतो. ब्रूस येऊन तिच्याशी बोलतो, तर ही त्याच्याकडे मान वर करूनही बघत नाही. आपण पोट धरून हसतो. मी चार वेळा हसले आहे. पाचव्यांदा पाहिला तेव्हा निवृत्त झाले होते, तेव्हा मात्र ब्रूसकडे नीट पाहिलं. बिचारा गाडीची वेळ सांगत असतो, एवढंच त्याचं चुकतं.

वॉल्टर-हिल्डीचा पहिला हनिमून एका कोळशाच्या खाणीतल्या बातमीत गेलेला असतो. शेवटी दोघं पुन्हा लग्न करायचं ठरवतात, नायगाराला जायचं ठरतं, तेवढ्यात ऑल्बनीत संप असल्याचं कळतं. ऑल्बनी वाटेवरच की! वॉल्टर मोकळ्या हातांनी निघतो, बॅग हिल्डी सांभाळते. त्या दोघांचं जमेल, कारण दोघांना व्यसन एकच. तुला ते व्यसन नाही, आणि लावून घेण्याचं काही कारणही नाही. तेव्हा ब्रूससारखं घड्याळ बघत उभी राहू नकोस. लग्नानंतर आठ ते साडेबारा हे तास तुझे. गाणं शीक, नाटकाला जा, वह्या तपास, मैत्रिणी जमव, लवकर झोप. त्याची वाट बघण्यात ते तास घालवलेस तर तो दोन वाजता दार उघडेल तेव्हा त्याला बायको भेटणार नाही, चौकशी समिती भेटेल.

माझा नवरा बँकेत. १९९३ ची अनंत चतुर्दशी. पुण्यातली मिरवणूक म्हणजे रात्रभर पानं उघडी. अडीचला घरी आले, मुलीला ताप, तिच्या कपाळावर पट्टी ठेवून आडवी झाले, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी फळीवरची भांडी वाजली. किल्लारीचं नाव तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी साडी नेसेपर्यंत नवऱ्याने थर्मासमध्ये चहा ओतला, शेजारच्या काकूंना मुलीजवळ बसवलं आणि स्कूटर काढली. ऑफिसच्या दारात मला सोडताना कधी येशील, असं विचारलं नाही. मला वाटलं, काय समजूतदार माणूस! बारा वर्षांनी एका भांडणात त्याने ती रात्र तारखेसकट बाहेर काढली. म्हणजे समजूतदारपणा होताच, पण हिशेबही ठेवलेला होता. तू हिशेब ठेवू नकोस, लगेच बोल. बारा वर्षांचं व्याज फार होतं.

आईच्या वॉचमनवर माझ्याकडे उत्तर नाही, ते वाक्य चौकटीत लावण्याच्या लायकीचं आहे. पण त्यामागे तिला पगाराचीही काळजी असणार आणि ती वाजवी आहे. नोकरी कायम की कंत्राटावर, कंत्राट किती वर्षांचं, पीएफ कापतात का, पगार वेळेवर होतो का, हे लग्नाआधी सरळ विचार. मुलगा पेपरात असला की लोक हे विचारायला लाजतात. बँकेतल्याला विचारतातच ना!

आता तुझा शेवटचा परिच्छेद.

'दिल है के मानता नहीं' हा १९९१ चा. त्याच्या आधी तीच गोष्ट राज कपूर-नर्गिसच्या 'चोरी चोरी'त येऊन गेली, १९५६ साली. आणि या सगळ्यांचा आजोबा म्हणजे फ्रँक काप्राचा १९३४ चा 'इट हॅपन्ड वन नाइट'. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नायक, नायिका आणि पटकथा, अशी पाचही ऑस्कर त्याने नेली. गोष्ट तुला पाठ आहे. श्रीमंत बापाची मुलगी घरून पळालेली, बसमध्ये नोकरी गेलेला बातमीदार भेटतो, तो म्हणतो, तुला पोचवतो, बदल्यात तुझी स्टोरी माझी. रात्री एकाच खोलीत राहायची वेळ येते तेव्हा दोन पलंगांमध्ये दोरी बांधून तो घोंगडी टाकतो. ती घोंगडी सगळ्यांच्या लक्षात राहते. पण शेवटाकडचा एक तुकडा लोक विसरतात.

ती घोंगडीपलीकडून येऊन मन मोकळं करते. तो तिला परत पाठवतो. मग त्याला उमगतं, हाक मारतो, तर ती झोपलेली. खिशात पैसे नाहीत, लग्नाचं विचारायचं कशाच्या जोरावर? म्हणून हा पठ्ठ्या तिला तशीच झोपलेली ठेवून रातोरात न्यूयॉर्कला जातो, त्या दोघांच्या लग्नाची बातमी टाइप करतो आणि संपादकाकडून तिचे हजार डॉलर घेतो. इकडे मालकीणबाई तिला उठवून बाहेर काढतात. तिला वाटतं, हा टाकून गेला. ती बापाला फोन करते आणि मग पुढचा सगळा गोंधळ.

बघ, त्याच्या मनात पाप नव्हतं. प्रेमच होतं. फक्त तिच्याशी बोलायच्या आधी त्याने ते संपादकाला सांगितलं.

तुझ्या मुलाने तेच केलंय. त्याला कांदेपोह्यांच्या त्या दुपारी काहीतरी फार छान वाटलं असणार. तू तुझं आधीचं मोडलेलं लग्न त्याला खरंखरं सांगितलंस, यावर तो भाळला असणार. आणि आमच्या जातीच्या माणसाला काही छान वाटलं की हात आपोआप कीबोर्डकडे जातो. लेखात तुझं कौतुकच असेल, मी पैजेवर सांगते. पण तू ते त्याला सांगितलं होतंस. रविवारच्या वाचकांना सांगितलं नव्हतंस.

'नाव नव्हतं माझं' असं तू स्वतःच त्याच्या बाजूने लिहून टाकलंस. नाव काढल्याने माणूस लपत नाही, हे मी फार महागात शिकले. १९९६ साली एका पुरवणीत माझं छोटं सदर होतं. माझी नणंद माहेरी आली होती. स्वयंपाकघरात माझ्याजवळ एक गोष्ट बोलली, बोलता बोलता रडली, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. पुढच्याच महिन्यात मी ते लिहिलं. 'माझी एक मैत्रीण' असं लिहिलं, गाव बदललं, मुलांची संख्या बदलली. दूध मात्र बदलवेना, कारण लेखात तेवढंच सुंदर होतं. वाचकांची चाळीसेक पत्रं आली. मी ती पत्रं तिला दाखवायला घेऊन गेले, विचार कर! तिने पत्रांना हात लावला नाही. एवढंच म्हणाली, "वहिनी, ते दूध आपल्याच घरात उतू गेलं होतं." त्यानंतर दोन दिवाळ्या ती आली नाही. भाऊबीजेला माझा नवरा एकटा तिच्याकडे जाऊन यायचा.

म्हणून त्याचा तो लाडका 'रोमन हॉलिडे' आता पुन्हा लावा, तुम्ही दोघंच. जो ब्रॅडली कोण, ते आठव. रोममधला अमेरिकन वृत्तसंस्थेचा कर्जबाजारी बातमीदार. त्याच्या खोलीत झोपलेली मुलगी राजकन्या आहे हे कळल्यावर तो संपादकाकडून पाच हजार डॉलरचा शब्द घेतो, वर पाचशेची पैज लावतो. छायाचित्रकार मित्र सिगारेटच्या लायटरमध्ये कॅमेरा लपवून दिवसभर तिचे फोटो काढतो. तिला पत्ता नाही. स्कूटर, सत्याच्या दगडी तोंडात हात घालणं, हे आपण जे गोड गोड म्हणून बघतो ते सगळं चोरून टिपलं जात असतं. मग येते शेवटची पत्रकार परिषद. ती राजकन्येच्या पोशाखात समोर, हा पत्रकारांच्या रांगेत. तिला त्या क्षणी कळतं की हा कोण. माणसांमधल्या नात्यांवर माझा विश्वास आहे असं ती सगळ्यांदेखत म्हणते, आणि तो आपल्या वृत्तसंस्थेच्या वतीने ग्वाही देतो की तुमचा विश्वास वाया जाणार नाही. बाकीच्यांना ती परराष्ट्र धोरणाची भाषा वाटते. मित्र पुढे होऊन फोटोंचं पाकीट तिच्या हातात देतो, रोमची आठवण म्हणून. नंतर सगळे निघून जातात आणि हा मोकळ्या दालनातून एकटा चालत येतो. त्या चालण्याला मी दर वेळी रडते.

(जाता जाता. ही कथा डाल्टन ट्रम्बोची. हॉलीवूडच्या काळ्या यादीत असल्यामुळे त्याचं नाव लावता येईना, म्हणून इयन मॅकलेलन हंटर या मित्राचं नाव लागलं आणि कथेचं ऑस्करही हंटरच्या नावावर गेलं. ट्रम्बो १९७६ मध्ये गेला, ते ऑस्कर त्याच्या नावाने बायकोच्या हातात पडलं १९९३ साली. बायलाइनवरून, म्हणजे बातमीवर कुणाचं नाव लागणार यावरून, एकमेकांची डोकी फोडणाऱ्या आमच्या पोरांना मी हे सांगायची. काही उपयोग व्हायचा नाही.)

तुझ्या मुलाला एवढंच विचार की जोने ती बातमी का दिली नाही? बातमी खरी होती, फोटो होते, पैसे ठरलेले होते, कर्ज फिटलं असतं. आणि तिने 'छापू नकोस' असं एकदाही म्हटलं नव्हतं. हा प्रश्न विचारलास की त्याला बाकी समजावून सांगायची गरज पडू नये. डेस्कवरचा माणूस आहे, दोन ओळींमधलं वाचता येतं त्याला.

आणि विचारून झाल्यावर गप्प बस. त्याच्या तोंडून पहिलं वाक्य काय येतं ते ऐक.

"नाव कुठे टाकलं होतं?" असं म्हणाला तर माझ्या नणंदेचं दूध सांग. तुझ्या गावात तुझ्या गल्लीतल्या, शाळेतल्या, पाहुण्यांतल्या किती जणांनी तुला ओळखलं ते सांग. आणि ज्याच्याशी आधी मोडलं तो मुलगाही त्या लेखात आहे. त्याचीही आता कुठे सोयरीक चालू असेल, त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

"पण लोकांना किती आवडला!" असं म्हणाला तर त्याला 'ब्रॉडकास्ट न्यूज' दाखव. १९८७ चा, जेम्स ब्रूक्सचा, टीव्हीच्या न्यूजरूमवरचा माझ्या मते सगळ्यात खरा सिनेमा. टॉम हा देखणा अँकर बलात्कार झालेल्या एका तरुणीची मुलाखत घेतो, आणि ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. सगळा देश हळहळतो. जेन ही निर्माती त्याच्या प्रेमात आहे. मग एक सहकारी तिच्या लक्षात आणून देतो की मुलाखतीला कॅमेरा एकच होता. एकच कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर असेल तर त्याचे अश्रू टिपले कुणी? मुलाखत संपल्यावर कॅमेरा फिरवून त्याने ते पुन्हा आणले होते. विमानतळावर ती त्याला विचारते, आणि गंमत अशी की आपलं काय चुकलं ते त्याला शेवटपर्यंत कळतच नाही. पहिल्यांदा तर खरंच आले होते, असं त्याचं म्हणणं. जेन त्याच्याबरोबर जात नाही. तुझा मुलगा टॉमसारखा नाही, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं, पण मी त्याला भेटलेली नाही. 'लोकांना आवडलं' हे उत्तर मात्र टॉमचंच.

"तू फार हळवी आहेस" असं म्हणाला आणि दुसऱ्यांदाही तेच म्हणाला, तर तारीख पुढे ढकल. हॉलचं डिपॉझिट जाईल, जाऊ दे. विजय तेंडुलकरांचं 'कमला' हे नाटक कुठे मिळालं तर तेवढ्यात वाचून घे, नाहीतर १९८४ चा हिंदी सिनेमा बघ, शबाना आझमी आणि दीप्ती नवलचा. ती प्रेमकथा नाही, पण पत्रकाराच्या घराची गोष्ट आहे. तेंडुलकरांनी वृत्तपत्रांत वर्षानुवर्षं काम केलेलं, घरंदारं आतून बघितलेली. जयसिंग जाधव दिल्लीतला गाजलेला बातमीदार. बाजारात बाई विकत मिळते हे सिद्ध करायला तो खरंच एक बाई विकत घेऊन येतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो. बायको सरिता घरात त्याचे फोन घेते, कुणाकुणाचे आले ते लिहून ठेवते, आणि ते लिहिलं की नाही हे तो येऊन तपासतो. रात्री ती विकत आणलेली कमला सरितेला अगदी सहज विचारते की तुला मालकाने कितीला घेतलं? मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रपाळी करून आले होते. नंतर झोप लागली नाही. जयसिंग वाईट माणूस नाही, हेच त्यातलं भयंकर आहे. त्याची बातमी चांगल्या कामासाठीच असते.

आणि तो "चुकलं माझं" एवढंच म्हणून गप्प राहिला, तर चहा कर. मग सावकाश एक ठरवून घ्या. घरातलं काहीही छापायला जायच्या आधी तू वाचणार, आणि तू 'हे नको' म्हटलंस की ती ओळ जाणार, कारण न विचारता. तो कुरकुर करेल, लेखाचा जीव जातो म्हणेल. साडेतीनशे शब्दांत आठशे बसवणाऱ्या माणसाला एक ओळ काढता येते.

बोलायला जाताना तो लेख छापून ने आणि जिथे जिथे कसंतरी झालं तिथे लाल पेनने खूण कर. तोंडी सांगितलंस तर तो चर्चा करेल. खुणा केलेलं प्रूफ समोर आलं की डेस्कवरचा माणूस आधी दुरुस्ती बघतो, सवयच असते ती. आणि हे त्याच्या सुट्टीच्या दिवशीच कर, तुला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागली तरी. पान सुटल्यावर रात्री एक वाजता फोनवर नको. त्या वेळी आम्ही कशालाही हो म्हणतो.

हे उत्तर छापायच्या आधी मी तुला पाठवलं होतं. शाळेत काय शिकवतेस ते काढा म्हणालीस, काढलं. गाव बदला म्हणालीस, बदललं, तेव्हा कोल्हापूरकरांनी शोधत बसू नये. आईचं वाक्य काढायची माझी तयारी होती, पण राहू दे असा तिचाच निरोप आला, फक्त नाव नको, समोरच्या सोसायटीचा वॉचमन रोज हाच पेपर वाचतो.